चेरोकी सरदार म्हणजे नेमका कोण? ड्रॅगिंग कनूवर कथा लिहिण्याआधी

प्रश्न विचारणाऱ्या ताई दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहीत आहेत. नायक आहे ड्रॅगिंग कनू, अठराव्या शतकातला, चेरोकी या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीचा सरदार. गोऱ्या वसाहतवाल्यांना जमीन विकणारा बाप आणि एक इंचही द्यायला तयार नसलेला मुलगा, असा सामना त्यांनी उभा केला आहे. पण गाडी दोन ठिकाणी अडली आहे. बापही सरदार आणि मुलगाही सरदार, मग माणसं कोणाचं ऐकत होती? आणि हा माणूस शूर म्हणून रंगवायचा की क्रूर म्हणून?

मी कॉलेजात पंचवीसेक वर्षं अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर शिकवला. हेच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकले आहेत, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

ताई, तुमची खरी अडचण बाप-लेकाची नाही, 'सरदार' या शब्दाची आहे. सरदार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जहागीर, पागा, शिक्कामोर्तब येतं. पाटील म्हणावं तर वतन आणि वसुली येते. चेरोकींकडे यातलं काहीच नव्हतं. सुरुवातीची काही वर्षं मी माझ्या नोट्समध्ये सरळ 'राजा' लिहायचो. मग मुलं उत्तरपत्रिकेत लिहायची, की चेरोकी राजाने आपलं राज्य दहा हजार पौंडांना विकलं. मी लाल शाईने काट मारायचो. चूक माझी होती हे कळायला दोन-तीन बॅचेस गेल्या. पुढे मी 'म्होरक्या' या शब्दावर आलो. तो जरा रांगडा आहे, पण अर्थाच्या जास्त जवळ जातो. लोक मागे आहेत तोवर म्होरक्या, लोक वळले की नुसता एक माणूस.

चेरोकींची गावं डोंगरदऱ्यांत नद्यांच्या काठाकाठाने विखुरलेली होती, आणि प्रत्येक गाव आपापल्या मुखत्यारीत. गावात शांततेच्या काळातला म्होरक्या वेगळा आणि लढाईचा वेगळा, एकाचा रंग पांढरा, दुसऱ्याचा लाल. मधोमध सभागृह. हेन्री टिम्बरलेक नावाचा व्हर्जिनियाचा तरुण अधिकारी १७६२ मध्ये चोटा या प्रमुख गावी गेला होता. तो लिहितो, की तिथल्या सभागृहात पाचशे माणसं मावत आणि मातीने लिंपलेलं ते घर लांबून लहानशा टेकडीसारखं दिसे. तिथे बसून बोलत राहायचं, एकमत होईस्तोवर. ज्याला पटत नाही तो उठून जाई, आणि बाकीच्यांनी ठरवलेलं त्याच्यावर बंधनकारक नसे. म्होरक्याचं वजन असायचं ते त्याच्या बोलण्यात, गाठीशी असलेल्या लढायांत आणि हाती आलेलं वाटून टाकण्याच्या दानतीत. हुकूम हा प्रकार जवळपास नव्हताच.

इंग्रजांना मात्र सही करणारा एक हात हवा होता. १७३० मध्ये अलेक्झांडर कमिंग नावाचा एक हौशी गृहस्थ डोंगरांत गेला, मोयटॉय नावाच्या एका म्होरक्याला त्याने चक्क 'सम्राट' करून टाकलं आणि सात चेरोकी माणसांना लंडनला नेऊन दुसऱ्या जॉर्ज राजापुढे उभं केलं. त्या सातांतला एक किरकोळ अंगाचा तरुण म्हणजे तुमच्या नायकाचा बाप, अटाकुल्लाकुल्ला. इंग्रज त्याला 'लिटल कार्पेंटर', म्हणजे छोटा सुतार म्हणत, कारण तो वाटाघाटींचे सांधे नेमके बसवायचा. त्याने लंडन पाहिलं होतं, तिथली गलबतं आणि गर्दी पाहिली होती. पुढच्या आयुष्यात तो पुन्हा पुन्हा तहाच्या बाजूने का झुकत राहिला, ते समजून घेताना हा प्रवास विसरू नका.

आता बाप-लेक. इथे मराठी लेखकाचा पाय हमखास घसरतो, कारण आपल्याकडे बापाविरुद्ध उभं राहणं म्हणजे घर फोडणं. चेरोकी समाज मातृवंशी होता. सात कुळं, आणि मूल आईच्या कुळाचं. घर बाईचं, शेत बाईचं. मुलाला वळण लावणारा, त्याच्या खुनाचा बदला घेणारा पुरुष म्हणजे मामा. बापाची माया असेल, पण कुळाच्या हिशेबात बाप परकाच. म्हणजे ड्रॅगिंग कनूने बापाला भर सभेत विरोध केला, तेव्हा कोणाच्या घरी चूल बंद पडली नसणार.

याच हिशेबातून कथेला एक जास्त धारदार नातं मिळतं. नॅन्सी वॉर्ड, चेरोकी नाव नान्येही, ही ड्रॅगिंग कनूची आत्तेबहीण. अटाकुल्लाकुल्ला तिचा मामा. म्हणजे कुळाने पाहिलं तर म्हाताऱ्याला स्वतःच्या मुलापेक्षा ही भाची जवळची. 'प्रिय स्त्री' हा मोठा मान तिला मिळाला होता. सभेत तिला आवाज होता आणि युद्धकैद्याला जीवदान देण्याचा अधिकार होता. तुमच्या आराखड्यात ती कुठेच नाही. मी असतो तर बापापेक्षा तिला जास्त पानं दिली असती.

मग भांडण होतं कसलं? माझ्या मते म्हातारे विरुद्ध तरुण शिकारी असं, आणि त्याच्या मुळाशी हरणाचं कातडं. कित्येक वर्षं चेरोकी पुरुष हरणं मारून कातडी गोऱ्या व्यापाऱ्यांना देत आणि बदल्यात बंदुका, बंदुकीची दारू, शिसं, कापड, लोखंडी भांडी घेत. धनुष्यबाण मागे पडले. बंदूक मोडली की ती दुरुस्त करणाराही गोराच. व्यापाऱ्याच्या वहीत उधारी वाढत गेली, आणि कातड्यांनी फिटेना तेव्हा ती जमिनीने फेडायची वाट दिसू लागली. त्यात १७५९ ते १७६१ च्या युद्धात इंग्रज फौजांनी गावंच्या गावं जाळली होती. ते पाहिलेल्या पिढीला पुन्हा लढाई नको होती.

कागदावर चेरोकींना संरक्षण होतं. १७६३ च्या शाही जाहीरनाम्याने ॲपलेशियन डोंगररांगेच्या पश्चिमेला वसाहतवाल्यांना मनाई केली होती. पण मनाई लंडनमध्ये आणि कुऱ्हाड जंगलात. वटॉगा नदीकाठी गोरी कुटुंबं येऊन बसली, मग त्यांनी तीच जमीन चेरोकींकडून भाडेपट्ट्याने घेतली. आपल्याकडे आधी झोपडी आणि मग सातबारा, तसाच प्रकार.

मार्च १७७५ मध्ये त्याच वटॉगाकाठी सिकॅमोर शोल्स इथे रिचर्ड हेंडरसन या नॉर्थ कॅरोलायनाच्या माजी न्यायाधीशाने चेरोकींची सभा भरवली. मागणी सुमारे दोन कोटी एकरांची, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या पाव भागाहून थोडी जास्त जमीन, बहुतेक सगळी केंटकीतली. मोबदला सुमारे दहा हजार पौंडांचा माल. कापड, बंदुका, दागदागिने खोपटांत रचून ठेवले होते, येता-जाता दिसतील असे. अटाकुल्लाकुल्ला आणि लढाईचा ज्येष्ठ म्होरक्या ओकोनोस्टोटा यांनी संमती दिली. १७ मार्चला कागद झाला. वाटणीत एकेकाच्या हाती फार थोडं आलं. एकाच्या वाट्याला फक्त सदरा आला, आणि तो म्हणाला, की या जमिनीवर एका दिवसात मी याहून जास्त कमावलं असतं. ही आठवण तुमच्या कथेत जशीच्या तशी घ्या, तिला अलंकार नकोत.

हेंडरसनसारख्यांना हा व्यवहार कायदेशीर वाटायचं एक कारण आपल्या इथून निघालं होतं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. खासगी माणसाने मूळ रहिवाशांकडून थेट जमीन घ्यायला परवानगी नव्हती. पण १७५७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या अर्जावर लंडनच्या दोन सरकारी कायदेपंडितांनी मत दिलं होतं, की मोगल बादशहाकडून किंवा 'इंडियन' राजांकडून तहाने मिळालेल्या मुलखासाठी राजाच्या वेगळ्या सनदेची गरज नाही. अमेरिकेतल्या जमीन-सट्टेबाजांनी त्यातले मोगल आणि कंपनीचे उल्लेख गाळले आणि उरलेला कागद फिरवला. 'इंडियन' हा शब्द बंगालचा होता, तो केंटकीला जाऊन बसला. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची. त्याच मार्चमध्ये आपल्याकडे राघोबादादा सुरतेला तह करून साष्टी-वसई इंग्रजांना लिहून देत होते, हा निव्वळ योगायोग, पण तारखा लक्षात ठेवायला सोयीचा. सुरतेचा तह कलकत्त्याने नामंजूर केला, तशी हेंडरसनची खरेदीही पुढे व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाने रद्द ठरवली. फरक इतकाच, की रद्द होऊनही जमीन चेरोकींना परत मिळाली नाही. ती राज्यांनी ठेवली आणि दोघांनीही हेंडरसन मंडळींना भरपाई म्हणून दोन-दोन लाख एकर दिले.

सिकॅमोर शोल्सला ड्रॅगिंग कनू काय बोलला? तुम्ही बहुधा ते प्रसिद्ध भाषण वापरणार असाल, ज्यात जमाती उन्हातल्या बर्फासारख्या वितळून गेल्या असं आहे. जपून. ते फार उशिरा छापलं गेलं, आणि एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या इतिहासांत तिथलं विरोधाचं भाषण ओकोनोस्टोटाच्या तोंडी घातलेलं आढळतं. भरवशाचं साहित्य दुसरीकडे आहे. व्हर्जिनियाने नंतर या खरेदीची चौकशी केली, तेव्हा हजर असलेल्या गोऱ्यांनी जबान्या दिल्या. त्यांत आहे, की ड्रॅगिंग कनू चिडून सभेतून निघून गेला, आणि ती भूमी रक्ताची आहे, तिच्यावर अंधार आहे, तिथे वस्ती करणं जड जाईल, असं त्याने बजावलं. इतकंच. मला हे तुटक बोलणं त्या घोटीव भाषणापेक्षा जास्त खरं वाटतं.

दुसरा भक्कम कागद म्हणजे इंग्रज अधिकारी हेन्री स्टुअर्टचं ऑगस्ट १७७६ चं पत्र. ड्रॅगिंग कनू त्याला म्हणाला, की गोऱ्यांनी आम्हाला जवळपास घेरलंय, उभं राहण्यापुरती जागा उरलीय, आणि आमचं नावच पुसायचा त्यांचा इरादा दिसतोय. जमीन विकल्याचा दोष त्याने म्हाताऱ्यांवर टाकला, पण कसा तो बघा: शिकार करवत नाही इतके ते थकलेत, गरिबीपायी विकून बसले, माझ्यामागे मात्र पोरं आहेत. बापाला तो गद्दार म्हणत नाही. म्हातारा आणि गरीब म्हणतो. तुमच्या कथेतला सगळा ताण या दोन विशेषणांत आहे.

आता चोटाच्या सभागृहातला तो दिवस, उन्हाळा १७७६. वसाहतींचं इंग्रज राजाविरुद्ध युद्ध पेटलेलं होतं. उत्तरेकडून शॉनी, डेलावेअर, मोहॉक अशा जमातींचं शिष्टमंडळ आलं होतं, चेहरे काळे रंगवून. शॉनींनी शिंपल्यांच्या मण्यांचा नऊ फूट लांब पट्टा पुढे धरला, त्यावर शेंदरासारखा लाल रंग ओतलेला. असा पट्टा हाती घेणं म्हणजे युद्ध पत्करणं. ड्रॅगिंग कनू उठला आणि त्याने तो घेतला. एकामागून एक तरुण त्याला हात लावत रणगीतात सामील झाले. आणि ज्यांना युद्ध नको होतं ते म्होरके? स्टुअर्ट लिहितो, की ते विरोध न करता खिन्नपणे गप्प बसून राहिले. वर मी म्हणालो ना, हुकूम नव्हताच. माणसं कोणाचं ऐकत होती, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच चित्रात आहे. म्हाताऱ्यांकडे मनाई करायचं साधनच नव्हतं, होतं ते फक्त मौन.

जुलैत तीन तुकड्या निघाल्या. नॅन्सी वॉर्डने व्यापाऱ्यांकरवी वसाहतींना आधीच सावध केलं होतं. २० जुलैला होल्स्टन नदीजवळच्या लढाईत ड्रॅगिंग कनू गोळी लागून जायबंदी झाला. दुसऱ्या तुकडीने लिडिया बीन या वसाहतवाल्या बाईला पकडून टोक्वा गावी आणलं. तिला खांबाला बांधून जाळणार, तेवढ्यात नॅन्सीने आपला अधिकार वापरून तिला सोडवलं. त्याच मोहिमेत धरलेल्या मूर आडनावाच्या पोराला मात्र जाळण्यात आलं. कथेत दोन्ही हवेत. फक्त पहिलं घेतलंत तर ती बालकथा होईल.

उत्तर म्हणून व्हर्जिनिया आणि दोन्ही कॅरोलायनांच्या फौजा आल्या. त्या ऐन पिकाच्या हंगामात आल्या, यात सगळं आलं. व्हर्जिनियाच्या फौजेचा प्रमुख विल्यम क्रिश्चनने लिटल टेनेसीकाठच्या गावांत ४० ते ५० हजार बुशेल (एक बुशेल म्हणजे साधारण पस्तीस लिटरचं माप) मका आणि १० ते १५ हजार बुशेल बटाटे असल्याचं लिहिलंय. चेरोकी शेती बायकांची होती हे आठवा. ड्रॅगिंग कनूला हवाली करा, अशी क्रिश्चनची मागणी होती. जो माणूस कोणाचाच चाकर नाही त्याला हवाली कोण करणार? ड्रॅगिंग कनूचं ग्रेट आयलंड हे गाव जाळलं, टोक्वाही जाळलं. चोटा राखलं. १७७७ च्या दोन तहांत आणखी पन्नास लाखांहून जास्त एकर गेले.

त्यानंतर ड्रॅगिंग कनूने जे केलं ते अगदी चेरोकी रीतीचं होतं: पटलं नाही, उठून गेला. आपल्या माणसांसह तो आजच्या चॅटनूगाजवळ चिकामॉगा ओढ्याकाठी जाऊन राहिला. पुढची पंधरा वर्षं मी भराभर सांगतो, कारण कथेत त्या सगळ्या चकमकी घातल्यात तर वाचक पान उलटेल. १७७९ मध्ये व्हर्जिनियाच्या लोकांनी ती नवी गावंही जाळली. १७८१ च्या एप्रिलमध्ये नॅशव्हिलच्या जागी असलेल्या कोटावर त्याने हल्ला केला, तो थोडक्यात फसला. मग तो टेनेसी नदीच्या भोवऱ्यांखाली, अवघड घळीत, रनिंग वॉटर, निकाजॅक अशा पाच गावांत सरकला. दारूगोळा आधी इंग्रजांकडून, नंतर स्पॅनिशांकडून. परावलंबन सुटलं नाही, फक्त दुकान बदललं.

तहाच्या वाटेवर राहिलेल्यांचं काय झालं, तेही पाहा, नाहीतर नायकाचा हट्ट निव्वळ हट्ट वाटेल. ओल्ड टॅसल हा आयुष्यभर बोलणी करणारा म्होरक्या. १७८५ मध्ये होपवेलला नव्या अमेरिकी सरकारशी पहिला तह झाला, त्यात तो पुढे होता. १७८८ च्या मे महिन्यात काही चेरोकींनी कर्क नावाच्या वसाहतवाल्याचं अख्खं कुटुंब मारलं, अकरा माणसं. जूनमध्ये सरहद्दीवरच्या गोऱ्यांचा पुढारी जॉन सेव्हियर याच्या फौजेतल्या जेम्स हबर्डने ओल्ड टॅसल आणि इतरांना पांढऱ्या निशाणाखाली बोलणीला बोलावलं, एका घरात घेतलं, आणि वाचलेल्या कर्क पोराच्या हातात कुऱ्हाड दिली. ज्यांना मारलं त्यांचा त्या खुनांशी काही संबंध नव्हता. चेरोकी रिवाजात खुनाचा बदला खुन्याच्या कुळावर घेतात आणि हिशेब तिथे मिटतो. सरहद्दीवरच्या गोऱ्यांना कोणताही इंडियन चालत होता. या घटनेनंतर शांततावादी घरांतली कितीतरी पोरं चिकामॉगाकडे गेली.

आता शूर की क्रूर. याचं उत्तर तुम्ही कथा कोणाच्या अंगणात उभी करता यावर बरंच अवलंबून आहे. कंबरलँड नदीकाठी नुकतं खोपट बांधलेल्या बाईला तो काळ होता. त्याच्या माणसांनी बायका-मुलं मारली, यात वाद नाही. समोरचेही टाळूची कातडी काढत होते आणि साउथ कॅरोलायनाचं सरकार त्याचं रोख बक्षीस देत होतं. मी विद्यार्थ्यांना निवाडा द्यायला लावत नसे, एवढंच विचारायचो: त्या वर्षी, त्या जागी त्याच्यापुढे दुसरी कोणती वाट होती आणि त्या वाटेने गेलेल्यांचं काय झालं?

काही वर्षांपूर्वी मुलीकडे अटलांटाला गेलो होतो, तेव्हा हट्टाने चोटाला जाऊन आलो. ती सगळी खोरी १९७९ पासून धरणाच्या पाण्याखाली आहेत. काठावर सभागृहाच्या जागी आठ खांब उभे केलेत, सात कुळांचे सात आणि एक सगळ्यांचा. शेजारी ओकोनोस्टोटाची कबर. उत्खननात त्याची ओळख पटली ती सोबत पुरलेल्या चष्म्यावरून. सिकॅमोर शोल्सच्या कागदाला संमती देणाऱ्या म्हाताऱ्याचा चष्मा. हे मी वाचलेलं होतं, तरी तिथे उभं राहिल्यावर पोटात कालवलं.

आणि शेवटाबद्दल. गोळी लागून मरण आणू नका, तसं झालं नाही. १७९२ च्या वसंताच्या तोंडावर, रनिंग वॉटरला, रात्रभर विजयाचा नाच झाल्यावर सकाळपर्यंत तो गेला, वय पन्नाशीच्या पुढे. त्या जूनमध्ये चेरोकींची मोठी सभा भरली. त्यात ब्लॅक फॉक्स नावाच्या म्होरक्याने उभं राहून सांगितलं, की ड्रॅगिंग कनूने जग सोडलं, तो आपल्या मुलखातला वजनदार माणूस होता, आपल्या लोकांचा मित्र होता आणि गोऱ्यांचाही. हे शब्द सरकारी दप्तरात नोंदलेले आहेत. 'गोऱ्यांचाही' हे मुत्सद्देगिरीने घातलं, उपरोधाने, की मनापासून, यावर माझ्या वर्गात दर वर्षी भांडण व्हायचं. मला स्वतःला ते मुत्सद्देगिरीचं वाटतं, कारण ऐकणाऱ्यांच्या मागे अमेरिकी गव्हर्नरचे कान होते. त्यानंतर ब्लॅक फॉक्सने जाहीर केलं, की त्याच्या गळ्यातलं पदक मी त्याच्या भावाला देणार आहे. तुमची कथा मी तिथे थांबवली असती, ते पदक भावाच्या गळ्यात पडण्याआधी.